सोयाबीनचा उतारा आधीच कळायला हवा: उपग्रह बरा की पाण्याचा ताळेबंद?

बारदाना किती मागवायचा, गोदाम किती धरायचं, खरेदीला कर्ज किती उचलायचं, हे शेतकरी उत्पादक कंपनीला काढणीआधी, सप्टेंबरातच, उतारा म्हणजे हेक्टरी किती पीक येईल याच्या अंदाजावर ठरवावं लागतं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू सोयाबीनपुरतं बोलायचं, तर उपग्रह आणि पाण्याचा ताळेबंद (पाऊस किती आला आणि पिकाने किती पाणी घेतलं याचा रोजचा जमाखर्च) यांपैकी एकालाच पैसे असतील तेव्हा मी ताळेबंद निवडेन.

उपग्रहाचं आकर्षण समजू शकतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट, १० मीटरचा बारकावा, साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र. कुणाचं रान हिरवं, कुणाचं पिवळं पडलं, हे बांधावर न जाता दिसतं. पण जुलै-ऑगस्टात, ऐन फुलोऱ्यात, आभाळ झाकलेलं. रडारवाला सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो, मात्र त्याच्या आकड्यांतून उतारा काढणं जाणकाराचंच काम. शिवाय नुसतीच वाढ झालेलं, शेंगा न धरलेलं सोयाबीनही वरून झकास हिरवं दिसतं. मध्ये तुरीच्या ओळी असल्या की घोळ आणखी वाढतो.

ताळेबंदाला ढगांची अडचण नाही. रोजचा पाऊस, जमिनीची खोली आणि पिकाची रोजची गरज एवढ्यावर तो चालतो. साधी एक्सेलही पुरते. उथळ मुरमाड रानात मुळांशी ५० मिमी ओल धरली आणि फुलोऱ्यात पीक रोज ५ मिमी पीत असलं, तर पावसाचा खंड पडल्यावर जास्तीत जास्त दहा दिवसांची सोय. ताण त्याच्या आधीच सुरू होतो. शेजारच्या भारी काळ्या रानात हाच खंड निभावून जातो. पुढचं गणित जागतिक अन्न व कृषी संघटनेचं १९७९ पासूनचं: पाण्याची तूट गुणिले पिकाचा गुणांक, म्हणजे तुटीच्या प्रमाणात उतारा किती घटतो तो आकडा. सोयाबीनसाठी तो ०.८५. हंगामाच्या गरजेत २० टक्के तूट आली, तर उतारा १७ टक्क्यांनी घटतो. हेक्टरी २० क्विंटलचे १६.६ राहतात.

खोट दोन ठिकाणी. पाऊस महसूल मंडळातल्या केंद्रावर मोजलेला असतो आणि तो शिवारागणिक बदलतो. दुसरं म्हणजे, कुणी तुषार सिंचन लावून एक पाणी दिलं, कुठे पिवळा मोझॅक रोग आला, याचा ताळेबंदाला पत्ताच नसतो. उपग्रहाची खरी गरज इथे: सप्टेंबरात उघडीप मिळाली की पहिलं स्वच्छ चित्र घ्यायचं आणि ताळेबंदाशी न जुळणारी रानं प्रत्यक्ष जाऊन पाहायची. बागायती उसाला मात्र उलट क्रम लावा, कारण तिथे पावसावरून काहीच कळत नाही.

काढणीच्या पावसात गंजीतच भिजलेला माल दोघांच्याही हिशोबात येत नाही. आणि पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरावीक तुकडा कापून उतारा तोलणं, सोडू नका. पीक विम्यातही २०२३ च्या खरिपापासून भाताला उपग्रहासारख्या तंत्रज्ञानाच्या अंदाजाचं वजन किमान ३० टक्के धरलं. तेव्हा उरलेलं वजन कापणी प्रयोगांनाच होतं. सभासदांपैकी हलक्या, मध्यम आणि भारी अशा तिन्ही जमिनींतले थोडे प्लॉट दरवर्षी कापून तोला आणि गुणांक आपल्या भागापुरता दुरुस्त करून घ्या.