फेरारी ३६० मोडेना: आठ महिने आणि सीटमागचं झाकण

माझ्या फेरारी ३६० चा टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा रबरी पट्टा) बदलायला इंजिन उतरवावं लागेल, असं पहिल्या वर्कशॉपमध्ये ठामपणे सांगितलं, तेव्हा मी किल्ली परत मागितली. तिच्या आधीच्या ३५५ मॉडेलचं उतरवावं लागतं, मान्य. पण ३६० मध्ये सीटमागचं झाकण काढलं की केबिनमधूनच बेल्टपर्यंत हात पोचतो. या एका झाकणासाठी तर मी ३५५ सोडून ही घेतली! दिसायला मला आजही ३५५ च आवडते, पण दर तीन वर्षांनी इंजिन खाली घ्यायचं आणि त्या मजुरीत एखादी जुनी छोटी गाडी येईल एवढे युरो मोजायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

मी इटलीत बोलोन्याजवळ राहतो. गाडी २००१ ची, मॅन्युअल. एफ-वन गिअरबॉक्सची (क्लचचं पेडल नसलेली, स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी) स्वस्त मिळत होती, पण ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकताना तिचा क्लच झिजतो, म्हणून नको म्हटलं.

पहिले दोन महिने मी नाराज होतो. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर पडायलाच तयार नसायचा. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने सांगितलं, “तेल तापेपर्यंत पहिल्यावरून सरळ तिसरा टाका.” तेव्हापासून तक्रार संपली. आता फेरारीच्या मारानेल्लो गावावरून डोंगरातल्या पावुल्लोकडे चढताना तोच गिअरचा दांडा धातूच्या खाचांतून टक्-टक् सरकतो, आणि त्या आवाजासाठी मी उगाचच गिअर बदलतो.

बेल्टही त्या मेकॅनिकनेच बदलले, इंजिन जागेवर ठेवून. मी दिवसभर शेजारी उभा होतो. झाकण आहे म्हणजे काम सोपं, हा माझा समज मात्र चुकीचा निघाला. आत हात जेमतेम शिरतो, आणि ते तासन् तास केबिनमध्ये अवघडून काम करत होते. मजुरी कमी करा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) बेअरिंगं सोबतच बदलून घ्या, तिथे काटकसर नको. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि इथे सिलिंडरला पाच म्हणजे एकूण चाळीस व्हॉल्व्ह आहेत.

नंतरच्या एफ-४३० ला बेल्टऐवजी चेन आहे, पण ती माझ्या बजेटबाहेर.

जुने दोन्ही बेल्ट मी मागून घेतले. वाकवून पाहिले, एकही भेग नाही. पण गाडी नुसती उभी असली तरी रबर जुनं होतंच, म्हणून पुढची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे.