लिनॅकच्या चिलरसाठी कुपवाडचे मिस्त्री : चार स्टार, आणि एक का कापला तेही सांगतो

हा रिव्ह्यू फार कमी लोकांच्या कामाचा आहे पण ज्यांच्या कामाचा आहे त्यांच्या लयच कामाचा आहे. मिरज-सांगली, कोल्हापूर, कराड-सातारा पट्ट्यात ज्या हॉस्पिटलात रेडिएशनचं मशीन म्हणजे लिनॅक आहे तिथल्या फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि मेंटेनन्सवाल्यांनी वाचा. एमआरआय, लेझर कटिंग असं चिलरवर (मशीनचं पाणी गार ठेवणारं युनिट) चालणारं दुसरं काही असेल तरी चालेल, दुखणी सगळी सारखीच.

तर कुपवाड एमआयडीसीत रेफ्रिजरेशनचं एक वर्कशॉप आहे. मूळ धंदा दूध डेअरीचे बल्क कूलर आणि तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं. मालक साठीच्या घरातले, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. नाव टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय, "नेटवर नाव घालू नका साहेब, मग लोक घरातलं फ्रिज घेऊन येत्यात." एमआयडीसीत शिरून कुणालाही चिलरवाले मिस्त्री कुठं विचारलं तर सांगतील.

आता दुधाच्या कूलरवाल्याला लिनॅकच्या चिलरला का बोलवायचं, तर आधी थोडं मशीनबद्दल. लिनॅक हा पार्टिकल ॲक्सिलरेटरच आहे, फक्त हॉस्पिटलच्या एका खोलीत मावणारा. इलेक्ट्रॉन गनमधून इलेक्ट्रॉन निघतात, तांब्याच्या पोकळ्यांच्या नळीत साधारण ३००० मेगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हवर त्यांना पळवायचं, टंगस्टनच्या टार्गेटवर आपटायचं आणि जे एक्स-रे निघतात ते ट्यूमरवर सोडायचे. पण हे मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉनला जी वीज देतो तिच्यातली बरीचशी शेवटी उष्णताच होते आणि ती उष्णता पाण्यानं बाहेर न्यायची. त्यात तांबं तापलं की फुगतं. दर डिग्रीला दहा लाखात १७ भाग, ऐकायला काहीच नाही, पण ३००० मेगाहर्ट्झवर त्याचे जवळपास ५० किलोहर्ट्झ होतात, म्हणजे पाणी एक डिग्री इकडं तिकडं झालं की नळीची फ्रिक्वेन्सी तेवढी सरकली. मशीनमधलं ऑटोमॅटिक कंट्रोल तिच्या मागं मागं पळतं, थोडं सांभाळून घेतं, फार झालं की बीम हलायला लागतो, डोस रेट पडतो आणि शेवटी इंटरलॉक (काही बिघडलं की मशीन आपोआप थांबवणारी सुरक्षा) येऊन सगळं ठप्प. म्हणून मी नेहमी म्हणतो की लिनॅक बंद पडला की आधी टेरेसवर जाऊन चिलर बघून या, मग कन्सोलवर (मशीन चालवायच्या कॉम्प्युटरवर) बसा.

आमच्याकडं झालेलं असं. एप्रिल महिना, सांगलीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. सकाळी वॉर्म-अप ठीक, आउटपुट चेक (डोस बरोबर येतोय का) ठीक, पहिले पेशंट बिनबोभाट, आणि अकराच्या सुमाराला बीम चालू असताना पाण्याच्या फ्लोचा इंटरलॉक. रिसेट केलं की चालू, दोन पेशंट झाले की परत तेच. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट, चेहऱ्यावर मास्क लावून टेबलाला आवळलेला, आणि आम्ही बाहेरून माइकवर "बाबा हलू नका हं, दोन मिनिटं फक्त", आणि ती दोन मिनिटं काही संपत नाहीत. उरलेला डोस मशीनच्या नोंदीत राहतो, तो नंतर पुरा करता येतो हे खरं, पण जत, आटपाडी, अथणीहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या माणसाला हे काय सांगणार. आणि रेडिएशनमध्ये मधे खंड पडलेला चालत नाही, तोंड-घशाच्या केसमध्ये तर अजिबात नाही, गाठीच्या उरलेल्या पेशी त्या सुट्टीत परत वाढायला लागतात.

मशीनच्या कंपनीला (नाव घेत नाही) फोन केला. त्यांनी लांबूनच लॉग बघितले आणि सांगितलं फ्लो सेन्सर खराब आहे, बदला, पार्ट बाहेरून येईल, हे कोटेशन. कोटेशन बघून अकाउंट्सवाले खुर्चीतून उठले. चिलर तसा त्यांच्या एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) नव्हताच, तो वेगळ्या पार्टीचा, आणि ती पार्टी फोन उचलायची नाही. तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियननं मिस्त्रींचा नंबर दिला.

मिस्त्री आले ते स्कूटरवर, मागं एक पोरगं आणि पिशवीत गेज. पहिला प्रश्न, "पाणी कुठलं घालताय ह्यात?" कुणालाच नीट सांगता येईना, टॉप-अप करणारा माणूस दर शिफ्टला वेगळा. मग त्यांनी स्ट्रेनरच्या (पाण्याच्या लाइनमधल्या गाळणीच्या) अलीकडं आणि पलीकडं प्रेशर बघितलं, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पायपाला थर्मामीटर चिकटवले, कॉम्प्रेसरच्या तिन्ही फेजला क्लॅम्प मीटर लावला आणि एकेक आकडा मला कागदावर लिहायला लावला. बघून म्हणाले, "सेन्सर खोटं बोलत न्हाय ओ. पाणीच कमी फिरतंय." हिशोब मी नंतर मांडून बघितला. मिनिटाला एक लिटर पाणी एक डिग्रीनं तापलं म्हणजे त्यानं साधारण ७० वॉट उष्णता उचलली, तेव्हा उष्णता तेवढीच असून इन-आउटमधला फरक दुप्पट झाला असेल तर पाणी निम्मंच फिरतंय, दुसरा अर्थच निघत नाही. मिस्त्रींना हे सूत्र बित्र माहीत नाही, पायपाला हात लावूनच त्यांना कळलं होतं, गेज आमच्या समाधानासाठी.

स्ट्रेनर उघडला तर आत जे होतं ते बघून मला सकाळचा चहा आठवला. तांबूस चिखल आणि त्यात हिरवे दोरे. चिखल कुठून आला तर मागच्या कुणीतरी गळती काढताना लाइनमध्ये जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) निपल, म्हणजे जोडाचा छोटा पाइप, घातलेलं, सगळी लाइन तांब्या-पितळेची आणि मधे एक लोखंडी तुकडा, मग गंजणार कोण, तोच. बाहेर काढून मिस्त्रींनी निपल माझ्या हातात दिलं, आतलं भोक करंगळी जाईना एवढं बुजलेलं. आणि हिरवे दोरे म्हणजे शेवाळ. टेरेसवर हातभर पाइप पारदर्शक प्लास्टिकचा होता, पाणी फिरताना दिसावं म्हणून कुणीतरी हौसेनं घातला असणार, दिवसभर ऊन, आत कोमट पाणी, शेवाळाला अजून काय पाहिजे. तो काढून काळा रबरी होज घातला. हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

पण मग सकाळी ठीक आणि अकरालाच का पडायचं? तर कंडेन्सर, म्हणजे चिलरच्या गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारी पत्र्यांची जाळी. गाळपाच्या हंगामातली काजळी आणि रस्त्याची धूळ पत्र्यांच्या मधे नमद्यासारखी बसलेली, ऊन चढलं की गॅसचं प्रेशर वाढायचं, कॉम्प्रेसर हाय प्रेशरला ट्रिप व्हायचा, पाणी तापायचं, म्हणजे दोन दुखणी एकावर एक होती आणि कन्सोलवर फक्त एकाचंच नाव येत होतं. कंडेन्सर धुताना पोरगं बाहेरून पाणी मारायला गेलं तर मिस्त्री खेकसले त्याच्यावर. आतून बाहेर मारायचं, बाहेरून मारलं की घाण अजून आत जाऊन बसते. नंतर वाकलेले पत्रे बारीक कंगव्यानं सरळ केले, एकेक रांग, उन्हात बसून.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. पाणी परत भरायच्या आधी मिस्त्री म्हणाले, "बुकात काय लिवलंय ते वाचून दावा." मॅन्युअल काढून मी वाचलं, कुठलं पाणी, त्यात गंज न लागण्यासाठी काय आणि किती, आणि तेच घातलं, बोअरच्या पाण्याचा कॅन त्यांनी टेरेसवरून स्वतः खाली नेऊन ठेवला. आणि फ्लो स्विच जंपर मारून (म्हणजे तारेनं परस्पर जोडून) तात्पुरतं चालू करता येईल का असं आमच्याच एकानं विचारल्यावर त्यांनी सरळ सामान आवरायला घेतलं. "तसलं करायचं असंल तर दुसरा मानूस बोलवा." इंटरलॉक बायपास करायला मीही दिला नसताच, पण बाहेरचा माणूस स्वतःहून असं म्हणतो हे फार दिसत नाही. त्यांचा हात फक्त बाहेरच्या चिलरपर्यंत, मशीनच्या कव्हरला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

काम झाल्यावर आम्ही आमची तपासणी केलीच. फॅंटममध्ये (शरीराच्या जागी ठेवायचा ठोकळा) आयन चेंबर (डोस मोजायचं साधन) ठेवून आउटपुट, मग फ्लॅटनेस, सिमेट्री, म्हणजे बीम सगळीकडं सारखा आणि दोन्ही बाजूंना समान आहे का ते. रोजच्या चेकला ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, महिन्याच्या तपासणीला २, आम्ही २ धरूनच बघितलं, त्यात आरामात बसलं, मग पेशंट घेतले. ते कोटेशनचं सेन्सर अजून जुनंच आहे आणि झकास चालतंय. खर्च कोटेशनच्या अगदी किरकोळ हिश्श्यात झाला.

दुसऱ्यांदा बोलवलं ते वळवाच्या पावसानंतर. रात्री लाइट गेलेली, महावितरणच्या माणसांनी बाहेर काम करून सप्लाय जोडला आणि सकाळी चिलर चालू तर आहे, आवाज भलताच, आणि पाणी काही गार होईना. फोनवर आवाज ऐकूनच म्हणाले, "बंद करा आधी! उलटा फिरतोय." दोन फेज अदलाबदल होऊन आल्या होत्या. थ्री फेज मोटर तेवढ्यानं उलटी फिरते आणि स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला की गॅस दाबलाच जात नाही, वर जास्त वेळ चालला तर खराब होतो. येऊन फेज सिक्वेन्सचा रिले बसवून दिला, आता क्रम चुकला की चिलर चालूच होत नाही. हा रिले पहिल्या दिवसापासून का नव्हता हे चिलर विकणाऱ्यांनाच माहीत. त्याच पॅनलमध्ये कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचला) चिकटून भाजलेली एक पाल निघाली. यावरून आठवलं, जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या लॅबमध्ये २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंगसासारखं एक जनावर ६६ हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढलं आणि २७ किलोमीटरचा एलएचसी, म्हणजे तिथला मोठा ॲक्सिलरेटर, बंद पडला, तिथं ते जनावर, आमच्याकडं पाल. केबल जिथून आत येते ती भोकं मिस्त्रींनी ग्लँड लावून बुजवली, न सांगता.

बाकी मोठमोठ्या लॅबमध्येही चित्र फार वेगळं नसतं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये एलएचसी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसात मॅग्नेटांच्या मधला एक विजेचा जोड खराब निघाला, टनांनी हेलियम बाहेर आला आणि मशीन वर्षाच्या वर बंद राहिलं. आपल्या इंदूरच्या इंडस-२ या ॲक्सिलरेटरला इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेतात, त्याच्यापुढं आमचे ६० लाखवाले म्हणजे चिल्लर, पण जोड, पाणी आणि वीज कुणालाच सुटलेली नाही.

आता तो एक स्टार. मिस्त्री कागद देत नाहीत. आम्हाला प्रत्येक कामाचा सर्व्हिस रिपोर्ट फाइलला लावावा लागतो, ऑडिटला तेच आधी मागतात, आणि मिस्त्रींचा रिपोर्ट म्हणजे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं चार ओळी. शेवटी छापील फॉर्म मीच बनवून ठेवला, ते सांगतात मी भरतो, ते सही करतात. जीएसटीचं बिल मागितलं तर मिळतं पण मागतच राहावं लागतं, मुलगा बिलं बघतो आणि मुलगा सापडत नाही. द्राक्ष-बेदाण्याच्या दिवसात तर त्यांना कोल्ड स्टोरेजवाले सोडतच नाहीत, तेव्हा तुमचा नंबर मागंच लागणार, हॉस्पिटल आहे म्हटलं की रात्री उशिरा का होईना येतात हे मात्र खरं. चिलरच्या कंट्रोलरचं कार्ड गेलं तर त्यांच्याकडं नेऊ नका, इलेक्ट्रॉनिक्स ते करत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. आणि लिनॅकच्या आतलं काही, व्हॅक्युम, मॅग्नेट्रॉन, वेव्हगाइडचा गॅस, त्याला कंपनीचाच माणूस पाहिजे, त्यात काटकसर करायला जाऊ नका.

बोलवायच्या आधी तीनचार गोष्टी हाताशी ठेवा, त्यांचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे. चिलरचं मॅन्युअल, इन-आउट टेम्परेचर आणि प्रेशरची रोजची वही (नसेल तर आजपासून चालू करा, सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा), टेरेसची किल्ली आणि चिलरच्या जवळ चालू नळ. किल्लीसाठी सिक्युरिटीवाल्याला शोधत बसलात तर मिस्त्री पुढच्या डेअरीला निघून जातात, मी बघितलंय. फोन सकाळी नऊच्या आत करा, नंतर ते स्कूटरवर असतात आणि गाडीवर असताना उचलत नाहीत.