क्यूटब्राउझर की फायरफॉक्सवरचं ट्रायडॅक्टिल? हात कळफलकावरच ठेवणाऱ्यांसाठी

माऊस मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय, टाकून दिलेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माऊसशिवाय, नुसत्या कळफलकावरून ब्राउझर चालवण्याच्या या विषयावर लिहिणारे बरेच जण नुकतीच दीक्षा घेतल्यासारखे लिहितात. मी नाशिकच्या इंदिरानगरला घरी बसून भाषांतरं करतो. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात. उजव्या मनगटानं कुरकुर सुरू केली म्हणून या वाटेला लागलो. व्हिम, म्हणजे सगळं कळांवरूनच चालवायचा मजकूर-संपादक, हाताखाली होतंच. तुम्हीही निवड करायला बसला असाल तर ‘जे’नं खाली, ‘के’नं वर आणि ‘एफ’ दाबलं की प्रत्येक लिंकवर अक्षरं उगवतात, एवढं तुम्हाला ठाऊक असणार. ते परत सांगत नाही.

वाटा दोन. नेहमीच्या ब्राउझरवर एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) चढवायचं, म्हणजे फायरफॉक्सवर ट्रायडॅक्टिल, किंवा क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे चालणारं व्हिमियम. नाहीतर मुळातूनच कळफलकासाठी बांधलेला ब्राउझर घ्यायचा, म्हणजे क्यूटब्राउझर. विंब, लुआकिट, न्यिक्स्ट ही नावंही कानावर येतील. न्यिक्स्ट मी जेमतेम आठवडाभर वापरला, त्याबद्दल मत देण्याइतका माझा अधिकार नाही. सगळं फुकट आणि मुक्त स्रोत आहे, त्यामुळे पैशांचा प्रश्नच नाही. जातो तो वेळ.

सुरुवात मी ट्रायडॅक्टिलनं केली आणि सात-आठ महिने सुखात होतो. पाच मिनिटांत बसतं, जुने बुकमार्क जागच्या जागी राहतात, जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन आहेच, आणि फोनवरच्या फायरफॉक्सशी सगळं जुळतं. कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं.

मग जुलै आला. नाशिकला पावसाळ्यात वीज जाते म्हणजे तासन्‌तास जातेच असं नाही, बऱ्याचदा नुसती डोळा मारते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर साध्या प्लगवर होता. तो बंद पडायचा आणि पुन्हा जागेवर यायला दोन-तीन मिनिटं घ्यायचा. तेव्हा माझ्याकडे द्राक्षांवरच्या फवारणीच्या माहितीपत्रकांचं काम होतं. प्रत्येक औषधाच्या नावासाठी दोन-चार पानं उघडायची, मराठीत बागाईतदार खरंच काय म्हणतात ते शोधायचं, आणि टॅबांची रांग पंचवीसपर्यंत जायची. नेट गेलं त्या क्षणी जे टॅब उघडत होते, ते सगळे ‘जोडणी होऊ शकली नाही’ असं पान दाखवत बसायचे.

आणि त्या पानावर ट्रायडॅक्टिल मेलेलं असायचं.

‘आर’ दाबलं, पान ताजं होत नाही. पुढच्या टॅबवर जाऊ म्हटलं तर तेही नाही. ‘डी’नं टॅब बंद करू, तोही होत नाही. कळा सगळ्या त्याच, बोटंही तीच, पण समोर कोणी ऐकायलाच नाही. तुम्ही म्हणाल, कंट्रोल-आर आहे, कंट्रोल-टॅब आहे, फायरफॉक्सच्या स्वतःच्या कळा चालतात की! चालतात, मान्य. पण दिवसभर एका व्याकरणात बोलणाऱ्या बोटांना प्रत्येक चौथ्या टॅबवर दुसरी भाषा बोलायला लावली की ती अडखळतात. मी ‘आर’ दाबायचो, थांबायचो, पुन्हा दाबायचो, मग डोक्यात प्रकाश पडायचा. किती वेळ गेला ते मोजलं नाही. एवढंच सांगू शकतो की त्या महिन्यात हात पुन्हा माऊसकडे जायला लागला.

यात ट्रायडॅक्टिलचा दोष नाही, हेही सांगायला हवं. जुन्या मंडळींना व्हिम्परेटर हे याच कामाचं जुनं एक्स्टेन्शन आठवत असेल. ते फायरफॉक्सच्या पोटात शिरून काम करायचं. 2017 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स 57 आलं आणि त्या जातीची सगळी एक्स्टेन्शन बंद पडली. नव्या नियमांत एक्स्टेन्शननं वेबपानाच्या आत काय ते करायचं. ‘जोडणी होऊ शकली नाही’ म्हणणारं पान, सेटिंगची पानं, फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं एक्स्टेन्शन-भांडार इथे त्याला मज्जाव. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, नाहीतर कुठलंही आगंतुक एक्स्टेन्शन सेटिंग बदलून जाईल. व्हिमियमचीही क्रोमवर हीच गत. वाड्यातल्या भाडेकरूला खोली मिळते, पण जिन्यातला दिवा मालकाच्याच हातात असतो, तशातला प्रकार.

क्यूटब्राउझरमध्ये कळा ब्राउझर स्वतः ऐकतो. पान उघडलं, नाही उघडलं, अर्धवट लटकलं, त्याला फरक पडत नाही. वीज आली, राउटरचा दिवा हिरवा झाला की शिफ्ट-जे, आर, शिफ्ट-जे, आर, अशी आख्खी रांग मार्गी लागते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. एक गंमत मात्र आहे. व्हिमियम आणि ट्रायडॅक्टिलमध्ये शिफ्ट-जे डावीकडच्या टॅबवर नेतो, क्यूटब्राउझरमध्ये उजवीकडच्या. बदलून घेता येतं, पण मी हट्टानं नाही बदललं आणि आठवडाभर उलट्या दिशेला धावत राहिलो.

आता मराठी. इंग्रजीत लिहिणाऱ्या आढावेवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही, आपल्याला पहिल्या दिवशी पडतो. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कळफलकाच्या प्रमाण मांडणीवर, टाइप करतो. कळफलक मराठीवर असताना ‘जे’ची कळ दाबली की ब्राउझरला पोचतो ‘र’, ‘एफ’च्या जागी पहिली वेलांटी, ‘डी’च्या जागी पाय मोडायचं चिन्ह. (‘के’ची कळ तेवढी ‘क’च देते. हा योगायोग मला उगाचच आवडतो.) म्हणजे दर वेळी आधी भाषा बदला, मग हुकूम द्या.

या बाबतीत एक्स्टेन्शनवाले सरळसरळ पुढे आहेत. व्हिमियमच्या सेटिंगमध्ये कळफलकाची भाषा दुर्लक्षित करण्याची एक चौकट आहे, टिक केली की काम संपलं. ट्रायडॅक्टिलमध्येही तशी सोय आहे. क्यूटब्राउझरमध्ये मात्र ‘की मॅपिंग्ज’ नावाच्या सेटिंगमध्ये एकेक जोडी हातानं लिहावी लागते: र म्हणजे जे, प म्हणजे एच, त म्हणजे एल. शिफ्टची अक्षरं वेगळी. इनस्क्रिप्टवर विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन त्याच्या इंग्रजी कळेवर नसतोच, तिथे ‘छ’ येतो, म्हणून कमांडची ओळ उघडायला छ. शोधायच्या तिरप्या रेघेच्या जागी य. माझी एक आख्खी रविवार संध्याकाळ यात गेली.

आणि हे सगळं जुळवल्यावर नवाच धोका तयार झाला. आधी मराठी अक्षरं निदान निरुपद्रवी होती, आता प्रत्येक अक्षर हुकूम झालं. एकदा शोधाच्या चौकटीत आहे अशा समजुतीत ‘त्र्यंबक’ टाइप केलं. कर्सर चौकटीत नव्हता. त-नं पान उजवीकडे सरकलं, पाय मोडल्यावर टॅब बंद झाला, र-नं पुढचं पान खाली सरकलं, दुसरा पाय मोडल्यावर दुसरा टॅब गेला, य-नं शोधाची ओळ उघडली आणि तिच्यात ‘ंबक’ एवढंच उरलं. पाय मोडायला गेलो आणि टॅब मोडले. ‘यू’ दाबलं की बंद टॅब परत येतो, आणि ‘यू’च्या कळेवर ‘ह’ असतो. म्हणून दोनदा ह दाबलं. व्हिमियममध्ये ‘डी’ नुसतं अर्धं पान खाली नेतं, तिथे हा अपघात झाला नसता. तुम्ही दिवसभर मराठीच टाइप करत असाल आणि सेटिंगच्या फाइलीत हात घालायचा कंटाळा असेल, तर हा मुद्दा माझ्या राउटरपेक्षा मोठा धरा.

क्यूटब्राउझरच्या बाकी उण्या बाजू भरभर सांगतो. एक्स्टेन्शन नाहीत. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर स्क्रिप्टा जोडून काम भागवावं लागतं. जाहिराती अडवायला ब्रेव्ह ब्राउझरची लायब्ररी जोडता येते, ती बातम्यांच्या पानांवर छान चालते, यूट्यूबवर यूब्लॉकची सर नाही. मी यूट्यूबच्या लिंका एका कळेवर एमपीव्ही या व्हिडिओ-प्लेअरमध्ये उघडतो, त्यामुळे मला ते टोचत नाही. फोनशी जुळणं वगैरे काही नाही, फोनवर तो नाहीच.

बसवतानाही जरा विचार करावा लागतो. आतलं इंजिन (पानं दाखवणारा भाग) क्यूटी वेबएंजिन, म्हणजे मुळात क्रोमचाच गाभा असलेलं क्रोमियम, पण तुमच्या लिनक्समध्ये ज्या वयाचं क्यूटी त्या वयाचं इंजिन. डेबियन या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर काही संकेतस्थळं ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ म्हणून नाक मुरडतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या वेगळ्या कप्प्यात ताजी आवृत्ती बसवता येते, पण तिच्यात काही व्हिडिओंचे कोडेक (ते उलगडून दाखवणारे भाग) नसतात. एक धरलं की दुसरं सुटतं. मी माझ्या लिनक्सबरोबर आलेलंच ठेवलं आहे.

प्रकल्पाचं भवितव्य काय, असंही कोणी विचारतं. स्वित्झर्लंडचा फ्लोरियान ब्रुहिन तो प्रामुख्यानं सांभाळतो. पहिली आवृत्ती 2014 च्या डिसेंबरात आली आणि काम अजून थांबलेलं नाही. मुख्य भार एका माणसावर, ही काळजी रास्त आहे, पण एवढी वर्षं टिकलेलं सॉफ्टवेअर मी सहसा धरून चालतो.

जमेच्या बाजूला एकच गोष्ट आणखी सांगतो, कारण ती माझ्या धंद्याची आहे. एका ग्राहकाच्या पोर्टलवर भाषांतर थेट चौकटीत लिहावं लागतं, आणि तास झाला की ते पोर्टल मला बाहेर काढतं, लिहिलेलं सगळं गिळून. क्यूटब्राउझरमध्ये त्या चौकटीत असताना कंट्रोल-ई दाबलं की मजकूर माझ्या व्हिममध्ये उघडतो, जतन करून बंद केलं की चौकटीत जाऊन बसतो. ट्रायडॅक्टिललाही हे जमतं, पण त्यासाठी वेगळा एक मदतनीस प्रोग्राम बसवावा लागतो, आणि तो माझ्याकडे फायरफॉक्स अद्ययावत झालं की रुसायचा.

तर, घरातल्या चौघांचा एकच संगणक असेल, ओटीटीवर सिनेमे बघायचे असतील, पासवर्ड एक्स्टेन्शनमध्ये अडकलेले असतील, तर ट्रायडॅक्टिल घ्या, आणि मराठीवरून न हलता राहायचं असेल तर बहुधा व्हिमियम. संगणक तुमचा एकट्याचा असेल, टॅबांची रांग लांब असेल आणि एक रविवार हाताशी असेल, तर क्यूटब्राउझर बसवून महिनाभर बघा. पहिल्या आठवड्यावरून मत बनवू नका, पहिला आठवडा मलाही रडवून गेला.

गेल्या महिन्यात राउटर इन्व्हर्टरवर घेतला. म्हणजे ज्या कारणासाठी ब्राउझर बदलला ते कारणच आता उरलेलं नाही. परत जावं का, असा विचार एकदा आला होता, पण त्या दिवशी काम बरंच होतं. शनिवारी रात्री सिनेमा लावायला अजून फायरफॉक्सच उघडतो, आणि तिथे आता शिफ्ट-जे उलटं पडतं.