थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मैफल आणि पुठ्ठ्याचा चेक

सांगली-मिरजेत गाण्याचे वर्ग, भजनी मंडळं, कराओके ग्रुप चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. "आजारी मुलांच्या मदतीसाठी मैफल करू या, तुम्ही फक्त गा, बाकीचं सगळं आमची संस्था बघेल" असं म्हणत कुणी दारात आलं, तर होकार देण्याआधी एवढं वाचा.

मी विश्रामबागेत सुगम संगीताचे वर्ग घेते. आमच्याकडे आलेला माणूस पुण्याच्या संस्थेचा कार्यवाह म्हणून आला होता. पन्नाशीचा, नेहरू शर्ट, बोलणं अगदी मऊ. फाइलमध्ये मुलांचे फोटो, दवाखान्याचे कागद, वर्तमानपत्रांची कात्रणं. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याचा मेजर म्हणजे गंभीर प्रकार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्या रक्तातलं लोह यकृतात आणि हृदयात साठत जातं, ते बाहेर काढायला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आई-वडील दोघंही मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे सगळं त्याने बिनचूक सांगितलं. नंतर मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजार खरा, मुलं खरी, गरज खरी. खोटी होती ती फक्त पैशांची वाट, आणि तिच्याबद्दल तो कमीत कमी बोलायचा.

आमच्या भागात अशा कामाला नाही म्हणायची रीत नाही. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला मोठमोठे गवई मानधन न घेता हजेरी लावून जातात. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. गाणं ही सेवा असते, हे इथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं होतं. "सेवा" हा शब्द त्याच्या प्रत्येक वाक्यात असायचा. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने तानपुऱ्यांची जोडी भाडं न घेता पाठवली. तबलजींनी त्या दिवशीची लग्नाची सुपारी सोडली. माझ्या विद्यार्थिनींनी परीक्षेच्या दिवसांत तालमी केल्या.

आता त्याची पद्धत नीट बघा, कारण ती उद्या दुसऱ्या नावाने पुन्हा येईल. त्याने स्वतः एकही पास विकला नाही. पासांचे गठ्ठे त्याने आमच्याकडे दिले आणि आमच्या मुलींनी, त्यांच्या आयांनी ते भिशीत, ऑफिसात, सोसायटीत खपवले. लोकांनी पास घेतले ते आमच्या तोंडाकडे बघून. संस्थेचं नाव कितीजणांनी वाचलं असेल कोण जाणे. पासावर २००, ५०० असे आकडे छापलेले होते, पण अनुक्रमांक कुठेच नव्हता आणि फाडून ठेवायची स्थळप्रतही नव्हती. याचा अर्थ किती पास छापले आणि किती विकले गेले, याचा हिशेब त्याच्याखेरीज कुणालाच लागू शकत नव्हता. जमलेली रोकड तो दोन-तीन दिवसांनी येऊन घेऊन जायचा आणि तोंड भरून कौतुक करायचा.

ऑनलाइन पैशांसाठी त्याने क्यूआर कोड दिला होता. वर छापलेलं नाव संस्थेचं, पण स्कॅन केल्यावर फोनवर एका व्यक्तीचं नाव यायचं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी त्याला तोंडावर विचारलं. उत्तर तयार होतं: संस्थेच्या खात्याची केवायसी चालू आहे, तोवर खजिनदारांच्या खात्यात घ्यायचं असा विश्वस्तांनी ठराव केलाय. ठरावाची प्रत मागितली तर शिक्क्यासकट तीही दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. हे मुद्दाम सांगते आहे. अशी माणसं कागदाला कधी कमी पडत नाहीत, त्यामुळे त्यांनीच आणून दिलेल्या कागदावरून काही सिद्ध होत नाही.

मोठा पैसा मात्र पासांत नव्हताच, तो स्मरणिकेत होता. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, सराफ, डॉक्टर, क्लासवाले यांच्याकडून पूर्ण पान, अर्धं पान अशा दराने त्याने जाहिराती घेतल्या. पाच-पाच हजार रोख घेतले आणि "८० जी मध्ये सूट मिळेल", म्हणजे देणगीवर आयकर वाचेल, असं सांगितलं. मुळात २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ८० जीची सवलत मिळतच नाही. कर वाचेल म्हणून जो मोठी रक्कम रोखीने मागतो, तो तिथेच उघडा पडतो. कार्यक्रमात स्मरणिकेचं प्रकाशनही झालं. रिबीन सोडून पाहुण्यांनी एकेक प्रत हातात धरली, फोटो काढले. व्यासपीठावर होत्या तेवढ्याच प्रती छापल्या होत्या, हे जाहिरातदारांना आपापली प्रत मागायला लागल्यावर कळलं.

मैफल सुंदर झाली. अभंग, नाट्यगीतं, भावगीतं. लोक मागे उभे राहून ऐकत होते. शेवटी जत तालुक्यातून आलेल्या एका मुलीला आई-वडिलांसह रंगमंचावर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि चार फूट लांबीचा पुठ्ठ्याचा चेक तिच्या वडिलांच्या हातात दिला. "रुपये एक लाख फक्त." टाळ्या थांबत नव्हत्या. हा चेक मी नंतर जवळून पाहिला. बँकेच्या नावाच्या जागी संस्थेचं बोधचिन्ह, खाते क्रमांकाच्या जागी फुल्या, सही स्केचपेनने केलेली. असा चेक फोटोपुरता असतो, खरा चेक किंवा पावती वेगळी देतात, हे शहरातल्या माणसाला माहीत असतं. त्या वडिलांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीला रक्त चढवायला मिरजेला आले तेव्हा ते माझ्याकडे आले. एसटीत मावेना म्हणून चेक दोन ठिकाणी दुमडलेला होता. "ताई, ह्यो कुठल्या बँकेत वटतोय? आमच्या गावातल्या बँकेनं नको म्हनलं." त्या चेकच्या भरवशावर त्यांनी लोह बाहेर काढायच्या गोळ्या उधारीवर घेतल्या होत्या आणि भावकीत उसनवारी केली होती. त्यांच्यासमोरच मी कार्यवाहाला फोन लावला. तो बंद होता. पुढे कधीच लागला नाही.

मग एकेक जण येऊ लागला. साउंडवाल्याला आगाऊ रकमेपलीकडे काही मिळालं नव्हतं. फ्लेक्सवाल्याचं बिल थकलेलं होतं. नाट्यगृहाचं भाडं तेवढं भरलेलं होतं, ते आधी घेतात म्हणून.

अशा संस्थांची नोंदणी जिथे होते, त्या सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात आम्ही गेलो. पावतीवरचा नोंदणी क्रमांक खरा निघाला, पण तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका देवस्थानाचा होता. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच ही. आमच्या कार्यक्रमासाठी अशी परवानगी कुणी मागितलीही नव्हती. नोंदणी क्रमांक नुसता असून भागत नाही, तो कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं. धर्मादाय कार्यालयात ते बघता येतं, आणि ८० जी असलेल्या संस्थांची यादी आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आहे. खरी संस्था देणगीदाराचा पॅन मागते आणि पुढे आयकरासाठी देणगीचं प्रमाणपत्र देते.

पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, जुन्या ४२० च्या जागचं. माणसाचं नाव इथे लिहीत नाही, तपास चालू आहे आणि ते नावही खरं असेल असं वाटत नाही. ज्यांनी क्यूआरवर पैसे पाठवले, त्यांच्या व्यवहारांचा माग निघतो आहे. रोख दिलेल्यांकडे दाखवायला जवळपास काहीच नाही. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात आल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्याकडे सगळ्यांना कळेपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून काढले गेले होते.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. शहरातला एक ग्रुप वर्षानुवर्षं डायलिसिसच्या रुग्णांसाठी गाण्याचा कार्यक्रम करतो, पै न् पैचा हिशेब देतो. आमच्या प्रकारानंतर ते गणपती पेठेत पास घेऊन गेले, तर नेहमीच्या दुकानदारांनीही हात वर केले. आमचा पैसा गेला तो गेला, पण त्या रुग्णांच्या तोंडचा घास त्या माणसाने काढला, ज्यांना त्याने कधी पाहिलंही नाही.

जतच्या त्या कुटुंबासाठी आम्ही वर्गात एक छोटी अभंगसंध्या केली. पासांवर छापील क्रमांक होते. रोकड दोघांनी मिळून मोजली, फळ्यावर आकडा लिहिला आणि पैसे औषधांच्या दुकानाच्या आणि रुग्णालयाच्या खात्यात भरून पावत्या मुलीच्या वडिलांना दिल्या. मुख्यमंत्री सहायता निधीतही मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. ती पद्धत आम्ही उचलली. संस्था कितीही नावाजलेली असो, रुग्णालयाच्या खात्यात भरायला जो का-कू करतो त्याच्यासाठी आम्ही गाणार नाही, हे वर्गाच्या दारावर लिहून लावलं आहे.

आणि ज्यांना पैसे देणं आता नको वाटतंय, त्यांनी रक्त द्यावं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि थॅलेसेमियाच्या मुलांच्या रक्त चढवायच्या तारखा मात्र थांबत नाहीत.

त्या मैफलीचा पास, जाहिरातीची पावती किंवा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे असेल, तर तो जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जबाब नोंदवा. रक्कम दोनशेची असली तरी नोंदवा. जितके जबाब जास्त, तितकी केस भक्कम होईल, असं तपास अधिकाऱ्यांनीच आम्हाला सांगितलं आहे.