होम थिएटरच्या केबल्समध्ये आमचे ₹63,750 गेले, तुमचे जाऊ देऊ नका

₹63,750. यात टीव्ही, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र), स्पीकर काहीही धरलेलं नाही. ते आम्ही मोठ्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलं होतं आणि ते व्यवस्थित आहे. हे पैसे गेले फक्त केबल्स आणि त्या जोडण्याच्या कामात. लिहायची लाज वाटते, कारण सोसायटीच्या ग्रुपवर हे काम करणाऱ्या माणसाचा नंबर मीच टाकला होता, "काम एकदम चोख" असं लिहून. माझ्या शब्दावर आणखी दोन घरांनी त्याला काम दिलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

हिशेब आधी देते. दोन मीटरच्या तीन एचडीएमआय (चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या) केबल, प्रत्येकी ₹4,250, म्हणजे ₹12,750. दहा मीटरची "8के फायबर" एचडीएमआय ₹14,500. ऑप्टिकल ऑडिओ केबल ₹3,800. स्पीकरची "प्युअर कॉपर" वायर 80 मीटर, ₹190 मीटरच्या भावाने ₹15,200. मजुरी ₹9,500. कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे स्पीकरचा आवाज जुळवणं, ₹8,000. यातले ₹40,000 यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नव्हे, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर, कारण "दुकानाच्या खात्याचं आजचं लिमिट संपलंय". उरलेले ₹23,750 रोख. हातात पडला तो "एस्टिमेट" लिहिलेला पिवळा कागद, त्यावर ना जीएसटी नंबर ना शिक्का. असली माणसं कशी गोड बोलतात ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही.

मला रात्र रात्र छळतो तो एकच क्षण. तो टीव्हीच्या मागे केबल खोचत होता आणि मी टॉर्च धरून उभी होते. एचडीएमआयच्या एका सॉकेटखाली बारीक अक्षरांत "ई-आर्क" लिहिलेलं मला दिसलं. रिसीव्हरच्या मागे, जिथून टीव्हीकडे केबल जाते त्या सॉकेटवरही तसंच काहीतरी होतं. मी सरळ विचारलं, "हे दोन्हीकडे सारखंच लिहिलंय, मग हे एकमेकांना जोडायचं ना?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "सर, ते साउंडबारवाल्यांसाठी असतं. रिसीव्हरला ऑप्टिकलच लागतं. ऑप्टिकल म्हणजे प्रकाश, त्यात लॉस नाही. ताईंना सांगा टेन्शन घेऊ नका." माझा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. उत्तर शंभर टक्के खोटं होतं. पैसे मी देत होते, आणि उत्तर मला मिळालंच नाही. तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. पण छतात भोकं पाडून झाली होती, हॉलभर धूळ होती, सासूबाईंना दम्याचा त्रास. अशा वेळी कोण कारागिराशी वाद घालत बसतं? आपण डॉक्टरला विचारतो तेव्हाही शेवटी त्याच्यावर विश्वासच ठेवतो.

आता खरं काय ते ऐका. रिसीव्हरची साधी रीत अशी: सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंगची डबी, गेमचं यंत्र, जे असेल ते आधी रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला. मग रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमधून एकच केबल टीव्हीच्या आर्क किंवा ई-आर्क सॉकेटला. चित्र त्या केबलने वर जातं आणि टीव्हीतल्या ॲपचा आवाज त्याच केबलने परत येतो. ऑप्टिकलची कुवत जुनी आहे: दोन चॅनलचा साधा आवाज, किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचा 5.1 (पाच स्पीकर आणि एक बासचा). त्यातून ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारी पद्धत, जात नाही. छतातल्या दोन स्पीकरसाठी आम्ही फॉल्स सीलिंग उघडलं होतं, ते ॲटमॉससाठीच.

त्याने काय केलं? सगळ्या डब्या थेट टीव्हीत खोचल्या आणि टीव्हीतून रिसीव्हरला ती ऑप्टिकल केबल दिली. ₹14,500 ची एचडीएमआय फक्त रिसीव्हरचा मेनू टीव्हीवर दिसावा एवढ्यासाठी भिंतीत पडून आहे.

मग डेमोला सगळीकडून आवाज कसा आला? हे नीट वाचा, कारण पैसे देताना हेच दाखवतात. माझा भाचा दिवाळीला बंगळुरूहून आला, त्याने रिसीव्हरच्या रिमोटवरचं "इन्फो" बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: इनपुट पीसीएम, 2 चॅनल. साउंड मोड: मल्टी चॅनल स्टिरिओ. म्हणजे टीव्हीतून फक्त डावा-उजवा आवाज येत होता आणि रिसीव्हर तोच आवाज सगळ्या स्पीकरमध्ये वाटत होता. छतातून हेलिकॉप्टर गेल्यासारखं वाटलं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. "मल्टी चॅनल" ही अक्षरं रिसीव्हरच्या काचेवर रोज निळी चमकत होती, पण ते शब्द वाचून कोणालाही चांगलंच वाटेल!

भाच्याने डब्या रिसीव्हरला लावून बघितल्या तर टीव्ही मध्ये मध्ये काळा पडायला लागला. दहा मीटरची ती केबल 4के एचडीआर (जास्त बारकाव्याचं, जास्त उजळ चित्र) पेलतच नव्हती. हे त्या कारागिरालाही पहिल्याच दिवशी कळलं असणार, कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल गुपचूप "स्टँडर्ड"वर केलेला सापडला. "फायबर" तर ती नव्हतीच. खऱ्या फायबरवाल्या एचडीएमआयला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं असतं. आमच्या केबलची दोन्ही टोकं कोरी. आणि साध्या तांब्याच्या केबलने दहा मीटरवर 48 जीबीपीएस (8केसाठीचा सिग्नलचा वेग) जात नाही, कोणी कितीही मोठ्या अक्षरांत 8के छापलं तरी.

केबल घेताना खोका मागा. "खोके दुकानात राहिले" म्हणाला की तिथेच काम थांबवा. अल्ट्रा हाय स्पीड (48 जीबीपीएसच्या केबलचं अधिकृत नाव) प्रमाणपत्र असलेल्या केबलच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं, ते ॲपने स्कॅन करता येतं, आणि केबलच्या अंगावरही तेच नाव छापलेलं असतं. सोन्याच्या मुलाम्याने चित्र सुधारत नाही, सिग्नल डिजिटल आहे. नंतर मी दोन मीटरची तशी केबल ₹1,150 ला आणली. ₹4,250 च्या केबलपेक्षा तसूभरही कमी नाही.

स्पीकरची वायर घेऊन मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, गेले. तिथल्या एका वयस्कर काकांनी ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरीफटक चंदेरी तार. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा वायरचा विद्युतरोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त, आणि दोन-चारदा वाकवली की तारा तुटतात. काका म्हणाले, "बाई, ही तुम्हाला तांब्याच्या भावात दिली?" मला उत्तर देता आलं नाही. आणि ₹8,000 चं कॅलिब्रेशन म्हणजे रिसीव्हरच्या खोक्यातच मिळालेला छोटा माइक सोफ्यावर ठेवून एक बटण दाबणं. ते काम यंत्र आपोआप करतं.

त्या कारागिराला फोन केला तर आधी उडवाउडवी, मग "ताई, तुमचा टीव्हीच तसा आहे", मग नंबर ब्लॉक.

पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "वायर टाकली ना त्याने? आवाज येतो ना? मग फसवणूक कुठे? सिव्हिल मॅटर आहे." जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, पण ॲल्युमिनियम तांबं म्हणून विकणं यातल्या कशातच बसत नाही असं त्यांचं म्हणणं. खरवडलेली तार मी टेबलावर ठेवली होती. ती हातातसुद्धा घेतली नाही, कागद तसाच परत सरकवला आणि मागच्या माणसाला "बोला" म्हणाले. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार." ज्या कार्यालयात ग्राहकाची बाजू घ्यायलाच माणसं बसवली आहेत, तिथे पहिला प्रश्न, "बिल कुठाय?" अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलंय. चोराने पावती दिली नाही म्हणून तक्रारदाराला दारातून परत पाठवायचं, हा कुठला न्याय? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, "हे आमच्याकडे येत नाही", "साहेब जेवायला गेलेत", "ऑनलाइन भरा". चांगल्या शिकलेल्या, मराठी-इंग्रजी दोन्ही लिहिता येणाऱ्या बाईची ही गत असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? त्या माणसाला हे सगळं ठाऊक आहे, म्हणूनच तो पिवळा कागद देतो.

तरीही तक्रार करा. ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं भावाचं बोलणं पुरावा म्हणून जोडा. रोख देऊ नका, आणि दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर तर रुपयाही टाकू नका. शेवटचा हप्ता देण्याआधी ॲटमॉसचं काहीतरी लावायला सांगा आणि "इन्फो" बटण स्वतःच्या हाताने दाबा. इनपुटमध्ये ॲटमॉस दिसलं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

भिंतीत केबल थेट प्लास्टरखाली घालू देऊ नका. रुंद पाइप टाकून घ्या आणि आत ओढायची दोरी ठेवायला लावा. आमच्याकडे पाइपच नाही, त्यामुळे नवी केबल घालायची तर रंगवलेली भिंत फोडावी लागेल, तिचा खर्च ₹11,000 सांगितलाय.

त्या दोन घरांपैकी एका घराने माझ्याबरोबर अर्जावर सही केली आहे. दुसरे "जाऊ द्या हो" म्हणतात. पुण्यात कोणाकडे असंच काम झालं असेल, तर प्लास्टर करण्याआधी काढलेले फोटो आणि उरलेले वायरचे तुकडे फेकू नका. आयोगात आम्हाला तेच दाखवायला लागणार आहेत.