बोलिंगच्या कोरड्या लेनसाठी कोणता बॉल: प्लास्टिक, युरेथेन की पर्ल रिअॅक्टिव्ह?

गेल्या रविवारी शेजारच्या लेनवर कॉलेजातली एक मुलगी खेळत होती. हात मोकळा, मनगटात चांगला जोर. पण बॉल लेनवरच्या खुणेच्या बाणांपुढे गेला की डावीकडे असा खेचला जायचा की हेडपिन (सगळ्यात पुढची पिन) ओलांडून थेट ७ नंबरच्या पिनकडे. चार फ्रेम झाल्यावर ती म्हणाली, "दादा, स्वतःचा बॉल घेतला तर हे थांबेल का?" तिचा बॉल परत आला तेव्हा मी तो पांढऱ्या नॅपकिनने पुसला. नॅपकिनवर काळसर धूळ आली, तेलाचा डाग मात्र नावालाही नाही. रॅकवरचा प्लास्टिकचा बॉल, जो सहसा वळायला तयारच नसतो, तो एवढा वळत होता. म्हणजे लेन किती कोरडी होती ते कळलंच.

तिला जे तिथे उभ्याउभ्या सांगितलं तेच इथे नीट मांडतो, कारण नाशिकमध्ये स्वतःचा पहिला बॉल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाची अडचण हीच असते.

लेन फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकायच्या रेषेपासून, हेडपिनपर्यंत ६० फूट लांब आणि साडेएक्केचाळीस इंच रुंद असते, त्यात ३९ पट्ट्या. साधारण पहिल्या ४० फुटांवर मशिनने तेल देतात, त्यापलीकडचा पिनांकडचा भाग कोरडा ठेवतात. तेलावरून बॉल घसरत जातो, कोरड्यात पकड घेतो आणि पॉकेटमध्ये, म्हणजे हेडपिन आणि तिच्या शेजारच्या पिनेमधल्या फटीत, वळतो. आपल्याकडे लेन चालते ती वाढदिवसाच्या पार्ट्यांवर आणि शनिवार-रविवारच्या गर्दीवर. तेल हलकं दिलं जातं, आणि जे असतं तेही संध्याकाळपर्यंत बॉलांनी पुसून नेलेलं असतं. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर ज्यांनी चौथ्या दिवसाची खेळपट्टी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको: कोरडं झालं की चेंडू वळणारच.

पण खरा मुद्दा पुढे आहे, आणि बॉल विकणारे तो क्वचितच सांगतात. लेन कोरडी आहे एवढं कळून भागत नाही. ती कुठे कोरडी आहे ते बघावं लागतं. सुरुवातीचे १५-२० फूट कोरडे असतील तर बॉल बाणांपाशीच वळायला लागतो, सगळी ताकद वाटेत खर्च करतो आणि पिनांवर मऊ आदळतो. या पुढच्या, आपल्याकडच्या भागात थोडं तेल शिल्लक असेल आणि मागचा, पिनांकडचा भाग खडखडीत असेल तर बॉल सरळ जाता जाता शेवटी एकदम काटकोनात वळल्यासारखा वळतो. या दोन दुखण्यांवर औषध एकच नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ फक्त बघण्यासाठी द्या: तुमचा बॉल बाणांपाशी वळतो की पिनांच्या तोंडाशी?

आता तीन पर्याय. फरक आहे तो कव्हरचा, म्हणजे बॉलच्या बाहेरच्या थराचा.

प्लास्टिक, म्हणजे पॉलिएस्टर. कव्हर कडक, गुळगुळीत, तेल शोषत नाही, लेनला कमीत कमी धरतं. कोलंबिया ३०० चा व्हाइट डॉट किंवा ब्रन्सविकचा टी-झोन ही यातली ओळखीची नावं. पुढचा भाग पार कोरडा असेल तरी हा बॉल सरळ निघून जातो. सरळ टाकणाऱ्यासाठी आणि स्पेअरसाठी (पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडण्यासाठी), खास करून कोपऱ्यातल्या १० नंबरच्या पिनसाठी, याच्याइतका भरवशाचा बॉल नाही. उणीव पिनांपाशी दिसते. पॉकेटमध्ये बॉल सुमारे ६ अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे सगळ्या पिना एकाच बॉलमध्ये पडण्याची, शक्यता सगळ्यात चांगली असते. सरळ जाणाऱ्या बॉलला तेवढा कोन मिळत नाही, म्हणून चांगला फटका बसूनही एखादी पिन उभी राहते. मात्र लेन अतिकोरडी आणि हातात रिव्ह (बॉलला दिलेली फिरकी) भरपूर असतील तर प्लास्टिकसुद्धा पुरेसं वळतं, आणि तेही कसं वळेल याचा अंदाज बांधता येईल असं. त्या मुलीच्या बाबतीत हेच होत होतं. स्वतःच्या बोटांच्या मापाचा प्लास्टिक बॉल तिला निम्म्याहून जास्त अडचणीतून सोडवेल असं मला वाटतं.

युरेथेन हा ऐंशीच्या दशकातला शोध. नव्वदच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिन हे जास्त पकडीचं कव्हर आलं तेव्हा तो मागे पडला. आता पुन्हा लोकांच्या बॅगेत दिसतो. स्टॉर्मचा मिक्स, हॅमरचा पर्पल पर्ल युरेथेन ही उदाहरणं. "लेन कोरडी आहे ना, मग युरेथेन घे" असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धं खरं आहे. युरेथेन कोरड्यात उडी मारत नाही, लांब आणि गोलसर वळतो. मागचा भाग खडखडीत असेल, तर हाच बॉल तुम्हाला सावरतो: तो शेवटी एकदम तुटत नाही, त्यामुळे थोडी चूक झाली तरी पॉकेटच्या आसपासच राहतो. पण युरेथेन वळायला लवकर लागतो. पुढचा भागच कोरडा असेल आणि तुमचा वेग कमी असेल, तर तो बाणांपाशीच वळून पिनांपर्यंत दमलेला पोचतो. ५ नंबरची पिन समोर उभी राहिली की समजायचं, बॉल वाटेत संपला. शिवाय तो तेल शोषत नाही, पिनांकडे ढकलतो. दोन-तीन गेमनंतर मागच्या कोरड्या भागात तेलाचा पातळ थर जातो आणि बॉल हळूहळू कमी वळायला लागतो. खेळताखेळता पट्ट्या बदलायची सवय नसेल तर हे गोंधळात टाकतं.

पर्ल रिअॅक्टिव्ह हा नेमका उलट स्वभावाचा. चकचकीत कव्हरामुळे पुढच्या कोरड्या भागातून तो घसरत जातो, ताकद राखून ठेवतो आणि मागे जोरात वळतो. पिना उडवण्यात याच्यापुढे बाकी दोघे फिके. स्टॉर्मचा ट्रॉपिकल सर्ज किंवा ब्रन्सविकचा ऱ्हायनो यांसारखे सुरुवातीच्या श्रेणीतले बॉल बघावेत. त्यातही पर्ल आणि पॉलिश केलेलाच घ्यावा. महागडे, ताकदवान बॉल इथे कामाचे नाहीत. मी स्वतः ही चूक केली आहे. मोठ्या स्पर्धांची प्रक्षेपणं बघून सॉलिड कव्हरचा, खरखरीत पृष्ठभागाचा रिअॅक्टिव्ह घेतला. तो बॉल भरपूर तेल असलेल्या लेनसाठी बनलेला. नाशिकच्या लेनवर तो तिसऱ्या बाणाला वळायला लागला आणि डाव्या गटरच्या काठाने पोचला. वर्षभर मी माझा हात बिघडलाय असं समजून मनगट बदलत राहिलो. हात ठीक होता, बॉल चुकीचा होता.

पर्लची अडचण मागचा भाग फार कोरडा असला की दिसते. एका पट्टीचा फरक, आणि बॉल कधी पॉकेटमध्ये तर कधी पलीकडे. त्यामुळे पुढचा भाग कोरडा आणि हाताचा वेग बरा असेल तर पर्ल, मागचा भाग कोरडा आणि वेग चांगला असेल तर युरेथेन, आणि वेग कमी पण फिरकी जास्त असेल तर प्लास्टिक, असं माझं मत आहे. बॉल एकच घ्यायचा असेल तर सरळ टाकणाऱ्यांनी प्लास्टिकशिवाय दुसरं काही बघूच नये.

बॉलच्या माहितीत आरजी (वजन बॉलच्या केंद्रापासून किती दूर पसरलं आहे) आणि डिफरन्शियल (बॉलच्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आरजीतला फरक) असे दोन आकडे असतात. नियमाप्रमाणे आरजी २.४६ ते २.८० च्या दरम्यान असावा लागतो आणि डिफरन्शियल ०.०६० च्या वर नको. कोरड्या लेनसाठी आरजी जास्त आणि डिफरन्शियल कमी हवं. डिफरन्शियल मोठं असलं की बॉल प्रत्येक फेरीत कव्हराचा नवा भाग लेनला लावतो आणि जास्त धरतो. आपल्याला तेच टाळायचं आहे. रिअॅक्टिव्हमध्ये ०.०३० च्या खालचं मिळालं तर उत्तम.

वजनाबद्दल थोडक्यात: दंडात रग येऊ न देता तीन गेम टाकता येतील एवढं वजन. बहुतेकांना १२ ते १४ पौंड पुरतं. १४ पौंड म्हणजे सव्वासहा किलोहून थोडं जास्त. हलका बॉल घेऊन वेग वाढवणं कोरड्यावर फायद्याचं ठरतं खरं, पण फार हलका घेतला तर तो पिनांना धडकून बाजूला फेकला जातो.

छिद्रांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भागात ड्रिल मशिनवाले पुष्कळ आहेत, हात सफाईदार आहेत, पण बॉल त्यांच्याकडे नेऊ नका. बोटांमधलं अंतर, छिद्रांचा आतला कोन आणि कोअरच्या (बॉलच्या आतल्या वजनाच्या) तुलनेत त्यांची जागा, या तिन्ही गोष्टी तुमच्या पंजाचं माप घेऊन ठरतात. कोन थोडा चुकला तरी अंगठा अडकतो आणि दुखणं मनगटात जातं. मुंबई किंवा पुण्याला बॉल ड्रिल करून देणाऱ्याकडे स्वतः जा, पंजाचं माप द्या, तिथेच टाकून बघा. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

आणि बॉल घरी आणल्यावर तो गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पार्किंगमध्ये उभी गाडी किती तापते ते आपल्याला माहीत आहे. तापमानाच्या अशा चढउतारात बॉलला तडे जातात. रिअॅक्टिव्ह असेल तर प्रत्येक खेळानंतर क्लीनरने पुसा, कारण त्याच्या कव्हरातली बारीक छिद्रं तेल आत घेतात. प्लास्टिकला ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं.

त्या मुलीने १२ पौंडांचा प्लास्टिक बॉल घ्यायचं ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात ती दादरला मामाकडे जाणार आहे, तेव्हा पंजाचं माप देऊन येईल. तोवर मी तिला नेहमीच्या जागेपासून पाच पट्ट्या डावीकडे उभं राहून दुसऱ्या बाणाऐवजी तिसऱ्या बाणावरून टाकायला सांगितलं आहे.