टेक्ट्रॉनिक्स 465 की एचएम 203? पहिला जुना स्कोप निवडताना

नाशिकमध्ये जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप (विद्युत सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) शोधायला निघालं की बहुधा एचएम 203 समोर येतो. आराखडा जर्मनीच्या हामेगचा, बांधणी इंदूरच्या सायंटिफिकची. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत तो खूप वापरला गेला, त्यामुळे निर्लेखनाच्या (जुनं सामान मोडीत काढण्याच्या) लिलावांवर लक्ष ठेवावं. 1972 चा अमेरिकन टेक्ट्रॉनिक्स 465 क्वचित दिसतो. सातपूर-अंबडच्या एखाद्या जुन्या कारखान्याचा टेस्ट विभाग रिकामा होतो तेव्हा विचारून बघावं.

कागदावर फरक मोठा आहे. 203 ची बँडविड्थ (किती वेगवान सिग्नल नीट दिसतो, त्याची मर्यादा) 20 मेगाहर्ट्झ, 465 ची 100. म्हणजे चढण-वेळ (अचानक चढलेला सिग्नल दाखवायला स्कोपला लागणारा वेळ) अनुक्रमे साधारण 17.5 आणि 3.5 नॅनोसेकंद. 465 ला डिलेड स्वीप (पडद्यावरची रेषेची धाव हवी तेवढी उशिरा सुरू करायची सोय) आहे, लांब सिग्नलमधला नेमका तुकडा ताणून बघता येतो. शिवाय त्याच्या पडद्याच्या ट्यूबला सुमारे 18 किलोव्होल्ट मिळतात, 203 च्या ट्यूबला जेमतेम 2. म्हणून वेगवान स्वीपवर 203 ची रेषा फिकी पडते. तो बिघाड समजू नका. उलट 203 च्या 203-6 या आवृत्तीत कॉम्पोनंट टेस्टर आहे. डायोड-ट्रान्झिस्टर पटकन तपासायला इतकी सोयीची गोष्ट 465 मध्ये नाही.

खरा प्रश्न दुरुस्तीचा. 465 मध्ये टँटलम कपॅसिटर (टँटलम धातूचे, चार्ज साठवणारे छोटे भाग) शॉर्ट होतात आणि अख्खी सप्लाय लाइन (आतल्या सर्किटला ठरावीक व्होल्टेज पुरवणारी वाट) बसते. आतल्या टेस्ट पॉइंटवर +5, +15, +55, +110 आणि −8 व्होल्ट मिळायला हवेत. एखादी लाइन शून्याजवळ असेल तर स्कोप बंद करून, प्लग काढून, त्या पॉइंटपासून ग्राउंडपर्यंत रोध मोजा. एक-दोन ओहम आले तर संशय टँटलमवरच. बदलताना मूल्य तेच, व्होल्टेज रेटिंग वरचं. हे सोपं काम आहे. पण 155 ने सुरू होणारे क्रमांक असलेले टेक्ट्रॉनिक्सचे स्वतःचे आयसी गेले, तर दुसरा मेलेला 465 शोधण्यावाचून गत्यंतर नाही. 203 चे बहुतेक सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. 203 मध्ये मुख्य दुखणं सुकलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आणि खरखरणारे पॉट (फिरवायच्या बटणांमागचे बदलते रोध). (मोजायला नाशिकरोडच्या मोटवानेचा सुईचा मीटर चालतो. नाशिकच्या संग्रहात तो असायलाच हवा.)

प्लग लावण्याआधी मागची बाजू पाहा. अमेरिकेतून आलेला 465 अनेकदा 115 व्होल्टवर ठेवलेला असतो. 203 मध्ये फ्यूजच्या टोपीवरचा त्रिकोण व्होल्टेज दाखवतो. आपल्याकडे 240 वर ठेवावा. 465 चा सीरियल क्रमांक बी ने सुरू झाला तर तो ओरेगॉनमधल्या बीव्हर्टनचा, 7 ने सुरू झाला तर नेदरलँड्सचा. नुसतं 465 लिहिलंय की 465एम, तेही वाचा. 465एम आतून वेगळं यंत्र आहे.

मग अर्धा तास चालू ठेवा. प्रोब (मोजायची वायर) स्कोपवरच्याच कॅलिब्रेटरला (चाचणीचा सिग्नल देणाऱ्या टोकाला) लावून चौकोनी लहर आणा, दोन्ही चॅनेलचा प्रत्येक टप्पा फिरवा. 465 च्या अटेन्युएटरमध्ये (सिग्नल लहान करणाऱ्या, टप्पे बदलणाऱ्या स्विचमध्ये) लहर अडखळली तर स्प्रे मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कांतून हळूच ओढा. ब्राइटनेस पूर्ण वाढवूनच रेषा दिसत असेल, किंवा पडद्यावर मधोमध जळकी रेघ असेल, तर दोन्हींपैकी कुठलाही घेऊ नका. ट्यूब बदलणं परवडत नाही. उघडताना लक्षात ठेवा, बंद केल्यावरही हाय-व्होल्टेज भागात चार्ज राहतो.

पहिलाच स्कोप असेल तर 203-6 घ्या. पाचही लाइन बरोबर आणि रेषा बारीक असलेला 465 मिळाला, तरच मत बदला.